डूलॅली म्हणजे आपली देवळाली! इंग्रजी शब्दांच्या खऱ्याखोट्या जन्मकथा

नाशिकरोडची (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात इथे इंग्लंडात ऑफिसातला प्रिंटर बिघडला. एक पान मागितलं तर चाळीस ओकला, तीही कोरी. शेजारच्या टेबलावरची बाई साठीची, जन्मापासून यॉर्कशर सोडून कुठे गेलेली नाही. ती वैतागून म्हणाली, "इट्स गॉन कम्प्लीटली डूलॅली!" मला हसू आवरेना. तिला वाटलं, मी प्रिंटरला हसतेय. मी म्हटलं, बाई गं, तू आत्ता माझ्या शेजारच्या गावाचं नाव घेतलंस.

डूलॅली म्हणजे देवळाली. मुंबईहून येताना नाशिक रोडच्या अलीकडचं स्टेशन. माझं लहानपण तिथून सायकलवर वीस मिनिटांच्या अंतरावर गेलं. तोफखान्याचा सराव सुरू झाला की आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची काच थरथरायची आणि आजी म्हणायची, "लागले मेले ढुमढुमायला."

इंग्रजीत "डूलॅली" म्हणजे डोकं फिरलेला, भ्रमिष्ट. गोष्ट अशी. १८६० च्या दशकात तिथे ब्रिटिश फौजेची छावणी झाली. विलायतेहून आलेला गोरा शिपाई मुंबईत उतरला की आधी देवळालीत, आणि मुदत संपवून घरी निघाला की पुन्हा देवळालीत. पण फौजेच्या बोटी बारमाही नव्हत्या. थंडीच्या हंगामात, साधारण ऑक्टोबर ते मार्च, तेवढ्याच सुटायच्या. ज्याची मुदत एप्रिलात भरली त्याला पुढच्या हंगामापर्यंत बसून राहणं आलं. काम नाही, दारू आहे, वर उन्हाळा, मग पावसाळा आणि हिवताप. काहींची डोकी खरंच फिरली. सोबतचे म्हणायचे, याला "डूलॅली टॅप" झालाय. हा टॅप म्हणजे नळ नव्हे, ताप! हिंदुस्थानी "तप", आपला "ताप". म्हणजे अख्खा वाक्प्रचारच आपल्याकडचा: देवळालीचा ताप. पुढे ताप उतरला आणि देवळाली तेवढी मागे राहिली.

आपण तरी वेगळं काय करतो? "ह्याला येरवड्याला पाठवा", "ठाण्यात जागा बघा". लंडनकरांनी हे कधीच केलं होतं. तिथे १२४७ साली बेथलेहेमच्या नावाने एक मठ निघाला, त्याचं पुढे वेड्यांचं इस्पितळ झालं, लोकांच्या तोंडी बेथलेहेमचं "बेडलम" झालं आणि बेडलम म्हणजे नुसता गोंधळ, असा अर्थ उरला.

तुम्हाला माहीत असलेल्या अशा जन्मकथा टाका. अट एकच. गोष्ट गोड आहे म्हणून सांगू नका, शब्दाच्या वयाशी जुळते का तेही बघा. व्हॉट्सॲपवरच्या नऊवारीने मी आधीच बेजार आहे.

---

खवचट_काका

धागा आवडला. पण नऊवारीने काय घोडं मारलंय ते सांगितल्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही.

---

नाशिकरोडची

काका, आमच्या मामाने फॅमिली ग्रुपवर टाकलंय की "द होल नाइन यार्ड्स" हा वाक्प्रचार आपल्या नऊवारीवरून आला. पुण्याच्या रेसिडेंटची मेम नऊवारी नेसून मेजवानीला आली, साहेब म्हणाला "द होल नाइन यार्ड्स!" आणि सगळे हसले. खाली तीन झेंडे आणि "अभिमान असेल तर पुढे पाठवा".

---

कापडचोपड

आमचं तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान, तेव्हा थोडं बोलतो. वार म्हणजेच यार्ड, त्यामुळे नऊवार आणि नाइन यार्ड्स हे माप तंतोतंत एकच. म्हणून तर ही थाप इतकी चांगली बसते. आजोबांची पितळी टोकाची लाकडी वारपट्टी अजून गल्ल्यामागे टांगलेली आहे. मी मीटरवर मोजतो, नऊवारीला सव्वाआठ मीटर. हिशेबाने दोन सेंटिमीटर जास्तच जातात. पण आजवर एकाही आजीने माझ्याकडे "सव्वाआठ मीटर द्या" म्हणून मागितलेलं नाही.

बाकी वाक्प्रचाराचं मला ठाऊक नाही. मामांना दुखवू नका, दिवाळीला गिऱ्हाईक येतं त्याने. (दिवा घ्या.)

---

तळटीप

मामांना दुखवायला मी आहे.

"संपूर्ण, काही म्हणून शिल्लक न ठेवता" या अर्थाचा हा वाक्प्रचार अमेरिकन आहे. बरीच वर्षं लोक दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट सांगत होते: विमानातल्या मशीनगनचा काडतुसांचा पट्टा सत्तावीस फूट, म्हणजे नऊ यार्ड लांब होता, वैमानिकाने सगळा शत्रूवर रिकामा केला की "होल नाइन यार्ड्स" दिले म्हणायचे. ऐकायला झकास. पण जुनी वर्तमानपत्रं चाळता येऊ लागली आणि गोष्ट कोसळली. इंडियाना राज्यातल्या मिचेल या छोट्या गावच्या पत्रात १९०७ सालीच "फुल नाइन यार्ड्स" छापलेलं सापडलं. तेव्हा विमानातून मशीनगन कोण चालवणार होतं?

त्याहून मजा म्हणजे शेजारच्या केंटकी राज्यात १९१२ साली तोच वाक्प्रचार "होल सिक्स यार्ड्स" असा छापलाय. म्हणजे आकड्याला अर्थच नव्हता. ज्या गोष्टी नऊच्या आकड्यावर उभ्या आहेत, मग तो पट्टा असो, काँक्रीटचा ट्रक असो की जहाजाची शिडं, त्या सगळ्या इथेच संपतात. आपण "सतराशे साठ भानगडी" म्हणतो तेव्हा मोजून म्हणतो का?

---

खवचट_काका

म्हणजे केंटकीत सहावारी आणि इंडियानात नऊवारी नेसत होते. मामांना कळवा, पुरावा भक्कम झाला.

---

टाकेफोड्या

मी ट्रेकवाला, माझ्या प्रांतातला शब्द: टँक.

गडावर चढून गेल्यावर आपण आधी काय शोधतो? टाकं. कातळात खोदलेलं, वर शेवाळाची साय, खाली दात वाजवणारं गार पाणी. सतराव्या शतकात इंग्रज पश्चिम किनाऱ्यावर आले, त्यांनी गुजरातीतलं टांकं आणि आपलं टाकं ऐकलं आणि "टँक" लिहू लागले. पोर्तुगिजांचा "टांके" हा शब्दही शेजारीच होता, त्यानेही हातभार लावला. त्या काळी अर्थ साठवणीचं पाणी, तलाव, कुंड. मुंबईत तो अर्थ अजून जिवंत आहे: बाणगंगा टँक, गवालिया टँक. १९४२ च्या ऑगस्टात "छोडो भारत" जिथे घुमलं ते हेच गवालिया टँक. बाहेरगावचा माणूस तिथे जाऊन लोखंडी टाकी शोधत बसेल.

आता पुढचं. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी चिलखती, पट्ट्यांवर चालणारी गाडी बनवायला घेतली. गुपित फुटू नये म्हणून १९१५ च्या अखेरीस तिला मुद्दाम मिळमिळीत नाव दिलं: टँक. लोखंडाची एवढी मोठी पेटी काय आहे असं कोणी विचारलं तर सांगायचं, पाण्याची टाकी आहे. १५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या लढाईत त्या पहिल्यांदा जर्मनांवर चालून गेल्या, आणि खोटं नावच कायम झालं. आपण मराठीत रणगाडा हा उत्तम शब्द केला, नाहीतर आपलंच टाकं तोफ लावून परत आलं असतं.

---

चिमणचारा

@टाकेफोड्या, भारीच!! माझे फुटाणे:

मुंगूस. इंग्रजी "मंगूस" थेट मराठीतून गेला. स्पेलिंगमध्ये गूस म्हणजे हंस घुसवून ठेवलाय, त्यामुळे अनेकवचन "मंगीस" करायचा मोह इंग्रजांनाही होतो. तसं करायचं नाही. मंगूसेस.

ब्लायटी. "विलायती"चा अपभ्रंश. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या गोऱ्या शिपायाला घर म्हणजे ब्लायटी. जीव जाणार नाही पण घरी पाठवतील एवढीच जखम झाली की ती "ब्लायटी वूंड", आणि दोस्त अभिनंदन करायचे. आपल्याकडे विलायती म्हटलं की चिंच आठवते.

ऑरेंज. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारांखा. इंग्रजांनी "अ नॉरेंज"चं "ॲन ऑरेंज" केलं आणि न गिळला.

---

तळटीप

पहिले दोन मान्य. तिसऱ्यात एक खोट. ऑरेंजचा न इंग्रजांनी नाही गिळला, तो फ्रान्स-इटलीतच पडला होता. इंग्लंडात फळाचं नाव पोचलं ते "न"शिवायच. इंग्रजांनी स्वतः केलेली चोरी हवी असेल तर "अंपायर" घ्या. मूळ "नंपायर", जुन्या फ्रेंचमध्ये अर्थ "जोडीतला नसलेला", म्हणजे दोघांच्या भांडणातला तिसरा. "अ नंपायर"चं "ॲन अंपायर" झालं. उलटंही झालंय: "ॲन इकनेम" म्हणजे जोडनाव, त्याने शेजारचा न ओढून घेतला आणि "अ निकनेम" झाला.

---

डेकवरचा

जहाजकंपनीत बत्तीस वर्षं काढली, तेव्हा माझा हक्काचा शब्द: पॉश. पी अँड ओच्या बोटींतून साहेब लोक मुंबईला यायचे. येताना डावीकडची केबिन सावलीत, जाताना उजवीकडची. "पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम". श्रीमंतांच्या तिकिटावर ही चार आद्याक्षरं मारलेली असायची. त्यावरून पॉश. ही गोष्ट मी नोकरीच्या पहिल्या दिवशी ऐकली.

---

तळटीप

डेकवरचा, माफ करा, हीही नऊवारीच आहे. असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर कुणाला मिळालेलं नाही. कंपनीच्या जुन्या कागदपत्रांतही नाही. पॉश शब्द पहिल्या महायुद्धाच्या आसपास छापील दिसतो आणि आद्याक्षरांची गोष्ट उगवते १९३० च्या दशकात. त्याआधी लंडनच्या बोलीत "पॉश" म्हणजे चिल्लर पैसा, अर्धा पेनी. तो रोमा लोकांच्या भाषेतल्या "अर्धा" या शब्दातून आला. पैशावरून पैसेवाला, छानछोकीवाला, असा रस्ता जास्त पटतो.

ढोबळ नियम सांगतो. विसाव्या शतकाआधीचा शब्द आद्याक्षरांतून झाला असं कोणी सांगितलं की खिशाला हात लावून बघावं. अपवाद आहे, ओके. बॉस्टनच्या एका दैनिकात २३ मार्च १८३९ ला "ऑल करेक्ट"चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून "ओ. के." छापलं. तेव्हा ती तिथली फॅशन होती. पुढच्याच वर्षी व्हॅन ब्युरेन अध्यक्षपदासाठी पुन्हा उभे राहिले. त्यांच्या गावावरून पडलेल्या "ओल्ड किंडरहूक" या टोपणनावाची अक्षरं नेमकी तीच, आणि शब्द देशभर गेला. हे सगळं तारखेसकट दाखवता येतं.

---

डेकवरचा

तिकीट माझ्या आजोबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

---

खवचट_काका

फोटो?

---

डेकवरचा

१९२८ सालचा फोटो कुठून आणू? तुम्ही पण ना. केबिनच्या सावलीचं तरी खरं आहे, ते मी बत्तीस वर्षं अनुभवलंय.

---

साधीसरळ

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहावंसं वाटलं. मूळ पोस्टमधलं "येरवड्याला पाठवा" खटकलं. माझ्या घरातलं एक माणूस अशाच रुग्णालयात पाच महिने होतं. परत आलं, आता नोकरी करतं. पण लग्नकार्यात कोणी हा विनोद केला की ते ताटावरून उठून जातं. गावाचं नाव म्हणून तुम्ही लिहिलंत हे कळतं मला. तरी.

---

नाशिकरोडची

@साधीसरळ, बरं झालं लिहिलंत. मी ते हसत हसत लिहून गेले. खरं तर देवळालीतले ते शिपाईही हसण्यासारखे नव्हते. वीस-बावीस वर्षांची पोरं, अंगात हिवताप, घर समुद्रापलीकडे आणि बोट सहा महिन्यांनी.

वापराबद्दलही सांगते, कारण कोणीतरी विचारेलच. इथे डूलॅली आता हलकाफुलका शब्द आहे. प्रिंटर, घड्याळ, हवामान, फार तर स्वतःचा विसरभोळेपणा. खरोखर आजारी माणसाबद्दल कोणी म्हणत नाही, म्हटलं तर असभ्य ठरतं. येरवड्याच्या बाबतीत आपण तिथवर आलेलो नाही.

---

लालहिरवा

निवृत्त गार्ड, मध्य रेल्वे. इंग्रजीचा विद्वान नाही, पण "ग्रीन लाइट"ला आपण मराठीत "हिरवा दिवा" न म्हणता "हिरवा कंदील" का म्हणतो ते सांगू शकतो. भाषांतर करणाऱ्याच्या डोळ्यापुढे सिग्नलचा खांब नव्हता, गार्डाच्या हातातला दिवा होता. माझा पहिला दिवा रॉकेलचा. आतली काच फिरवली की पांढरा, लाल, हिरवा. काजळी धरायची, बोटं काळी, डब्यातल्या पोळीलाही वास. "मंत्र्यांनी हिरवा कंदील दाखवला" असं पेपरात वाचलं की मला तोच वास येतो.

नवीन पोरांना एक शिकवायचो. रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात इंग्लंडात हिरवा म्हणजे "जा" नव्हतंच. लाल म्हणजे थांब, हिरवा म्हणजे जपून, आणि पांढरा म्हणजे रस्ता मोकळा. पांढरा दिवा इतर दिव्यांत मिसळायचा, लाल काच फुटली तर धोक्याचा सिग्नलही पांढरा दिसायचा, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे बदललं. त्या जुन्या काळात मंत्र्याने हिरवा कंदील दाखवला असता तर प्रकल्प रखडलाच असता. आता तरी वेगळं काय होतं म्हणा.

---

इतिहासजमा

वा, गार्डसाहेब!

माझ्याकडून बॉयकॉट. हा माणूस होता, आडनाव होतं. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट, आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. १८८० च्या शरदात कुळांनी खंड कमी करा म्हटलं, हा बेदखलीच्या नोटिसा घेऊन निघाला. गावाने त्याला हात लावला नाही. फक्त गडी शेतावर येईनात, लोहार नाल ठोकेना, धोबीण कपडे घेईना, दुकानदार माल देईना, टपालाचा पोऱ्या टपाल आणेना. आपल्या भाषेत, बारा बलुत्यांनी पाठ फिरवली. शेवटी पीक काढायला बाहेरून पन्नासेक माणसं आणली आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई. पाचशे पौंडांच्या पिकावर दहा हजार पौंड खर्च झाल्याचा अंदाज आहे. डिसेंबरात बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला. तोवर त्याचं आडनाव क्रियापद होऊन वर्तमानपत्रांत फिरत होतं.

पंचवीस वर्षांनी, १९०५ च्या वंगभंगानंतर, आपल्याकडे लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार आला. त्यांच्या काळच्या मराठीत "बॉयकॉट" हा शब्दही सरसकट चालायचा. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. आयर्लंडमध्ये खालच्यांनी वरच्याला टाकलं म्हणून त्यांना नवा शब्द लागला. आपल्याकडे "वाळीत टाकणे" आधीपासून तयार होता, पण दिशा बहुतेक वेळा उलटी. १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी आपल्या पाक्षिकाचं नाव "बहिष्कृत भारत" ठेवलं, त्यात हे सगळं आलं.

---

चिमणचारा

_/\_ शेवटचं वाक्य.

---

वेसावकर

बोंबील राहिला की! "बॉम्बे डक" का म्हणतात, तर म्हणे सुक्या बोंबलाचा वास मारणारी टपालगाडी, "बॉम्बे डाक". धागाकर्तीची अट पाळतो: आपली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला सुटली १८५३ साली, आणि "बॉम्बे डक" हा शब्द त्याच्या बराच आधीपासून छापलेला आहे. झालं, डाक रद्द. इंग्रजीत याचं दुसरं नाव "बमलो", ते मात्र सरळ आपल्या बोंबलावरून.

बदक कशावरून ते सांगत बसत नाही. बांबूच्या मांडवावर दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घालतात, समोरून बघितलं तर सगळे आ वासून बसलेले असतात. आमची आई त्यांना बघून म्हणायची, "ग्रामसभा भरली."

---

कापडचोपड

वेसावकर, :D :D

जाता जाता डंगरी. मूळ "डुंगरी", जाडंभरडं सुती कापड, शिडांना आणि मजुरांच्या कपड्यांना वापरायचे. मुंबईच्या डोंगरीशी त्याचा संबंध जोडतात. आता मॉलमध्ये लहान मुलांची डंगरी दोन हजाराला मिळते. नऊवारीपेक्षा नफा जास्त.

---

नाशिकरोडची

सगळ्यांचे आभार, एवढं जमेल असं वाटलं नव्हतं. मामांना १९०७ चं सांगितलं. त्यांनी अंगठा दाखवला आणि तासाभराने दुसऱ्या ग्रुपवर तीच नऊवारी पाठवली.

आज त्या यॉर्कशरवाल्या बाईला देवळालीची सगळी गोष्ट सांगितली, नकाशावर स्टेशनही दाखवलं. ती म्हणाली, मग या नावाचा अर्थ काय? मला सांगता येईना. जेवणाच्या सुट्टीत बाबांना फोन लावला. बाबा ठामपणे म्हणाले, "सोपं आहे, देवळांची आळी. देवळाळी, देवळाली."

---

तळटीप

पहिला छापील उल्लेख कधीचा?

---

नाशिकरोडची

विचारलं. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांनी सांगितलं होतं."

---

डेकवरचा

आता बोला!